बर्बन स्ट्रीट आणि फ्रेंचमेन स्ट्रीट

बर्बन स्ट्रीट आणि फ्रेंचमेन स्ट्रीट हे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराचे, रात्रीच्या करमणुकीसाठी प्रसिद्ध असलेले दोन रस्ते होत. जॅझ संगीताचे जन्मस्थान म्हणून या शहराची ख्याती आहे. वादकांनी श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष सादर केलेले संगीत हा येथील दैनंदिन जीवनाचा आणि अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहे. बर्बन स्ट्रीट हा शहराच्या सर्वांत जुन्या, फ्रेंच क्वार्टर या भागात असून फ्रेंचमेन स्ट्रीटवरील संगीतगृहे त्याला लागून असलेल्या फोबर्ग मॅरिनी या वस्तीत आहेत. एका रस्त्याच्या गजबजलेल्या टोकापासून दुसऱ्यावर पायी पोहोचण्यास साधारणपणे वीस मिनिटे लागतात.

बर्बन स्ट्रीट पर्यटकांचा आणि फ्रेंचमेन स्ट्रीट स्थानिकांचा, अशी विभागणी प्रवासवर्णनांतून व मार्गदर्शक पुस्तकांतून नेहमी केली जाते. ती पूर्णपणे चुकीची नसली, तरी अपुरी आहे. दोन्ही रस्त्यांचे आजचे स्वरूप केवळ येणाऱ्यांच्या अभिरुचीतून घडलेले नाही; मद्यविक्रीची पद्धत, नगरपालिकेचे नियम, जागेची भाडी आणि वादकांना मिळणारा मोबदला या गोष्टींनी ते घडवले आहे. एकेकाळी बर्बन स्ट्रीटवर जे घडले, त्याची काही चिन्हे अलीकडे फ्रेंचमेन स्ट्रीटवर दिसू लागल्यामुळे ही तुलना केवळ पर्यटकांच्या सोयीची राहिलेली नाही.

## पार्श्वभूमी

न्यू ऑर्लिन्सची स्थापना इ.स. १७१८ मध्ये जाँ-बाप्तिस्त ल म्वान द ब्यँव्हील या फ्रेंच अधिकाऱ्याने मिसिसिपी नदीच्या काठी केली. त्यानंतर हा प्रदेश स्पेनच्या ताब्यात गेला आणि १८०३ मध्ये लुईझियाना खरेदीच्या व्यवहारातून तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे आला. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी आणि कॅरिबियन लोकजीवनाचे मिश्रण हे या शहराचे वैशिष्ट्य होय.

गुलामगिरीच्या काळात येथील आफ्रिकी लोक रविवारी काँगो स्क्वेअर या मैदानात जमून ढोल वाजवीत व नाचत. हे मैदान फ्रेंच क्वार्टरला लागून असलेल्या ट्रेमे भागात आहे. आफ्रिकी तालपरंपरा, चर्चमधील गायन, सैनिकी बँडची पितळी वाद्ये आणि युरोपीय नृत्यसंगीत यांच्या संयोगातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॅझ आकारास आला. बडी बोल्डन, किंग ऑलिव्हर, जेली रोल मॉर्टन आणि १९०१ मध्ये जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग ही या काळातील ठळक नावे होत.

या घडणीत एकाच रस्त्याचा वाटा नव्हता. अंत्ययात्रा, मिरवणुका, सहली, नृत्यगृहे अशा सर्व ठिकाणी वादकांना काम मिळे. १८९७ च्या ठरावाने वेश्याव्यवसायासाठी राखून ठेवलेली 'स्टोरीव्हिल' ही वस्तीही वादकांना काम देणाऱ्या जागांपैकी एक होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, ती बंद करण्यात आली. न्यू ऑर्लिन्सचे अनेक वादक पुढे शिकागो व अन्य उत्तरेकडील शहरांत गेले. आर्मस्ट्राँगने १९२२ मध्ये शहर सोडले. जॅझ ज्या काळात जन्मला, त्या काळात आजच्या अर्थाने 'संगीताचा रस्ता' यांपैकी एकही नव्हता, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

## बर्बन स्ट्रीट

### स्थान व नाव

बर्बन स्ट्रीट कॅनॉल स्ट्रीटपासून एस्प्लनेड अव्हेन्यूपर्यंत, फ्रेंच क्वार्टरमधून १३ ब्लॉक जातो. १७२१ मध्ये आद्रियँ द पोजे या फ्रेंच अभियंत्याने शहराची आखणी केली, त्या वेळी या रस्त्याला फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्याचे नाव देण्यात आले. रस्त्यावरील मद्यालयांमुळे त्याचे नाव बर्बन व्हिस्कीवरून पडले असावे असा अनेकांचा समज होतो; परंतु तो निराधार आहे.

१७८८ व १७९४ मधील आगींत फ्रेंच काळातील बहुतेक इमारती नष्ट झाल्या. आज दिसणारे जाड भिंतींचे वाडे, आतील चौक आणि लोखंडी नक्षीचे सज्जे हे मुख्यतः स्पॅनिश अमलातील व एकोणिसाव्या शतकातील बांधकाम आहे.

### इतिहास

एकोणिसाव्या शतकात बर्बन स्ट्रीट ही प्रामुख्याने निवासी वस्ती होती. तूलूझ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८५९ मध्ये फ्रेंच ऑपेरा हाउस उभे राहिले आणि शहरातील प्रतिष्ठितांच्या संगीतजीवनाचे ते केंद्र बनले. १९१९ मध्ये ते आगीत भस्मसात झाले. रस्त्याच्या आरंभीच्या भागात १९०५ मध्ये सुरू झालेले गॅलटुआर्स हे उपाहारगृह आजही चालू आहे.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात व त्यानंतर येथे रात्रीचे क्लब वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत शहरातून जाणाऱ्या सैनिकांमुळे त्यांचा धंदा भरभराटीला आला. १९४० व १९५० च्या दशकांत अंगप्रदर्शनयुक्त नृत्याचे कार्यक्रम करणारे क्लब येथे जोरात होते आणि अशा कार्यक्रमांना साथ करणारे वाद्यवृंद हे वादकांच्या नियमित उत्पन्नाचे साधन होते. मात्र वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय वादक व्यासपीठावर चालत, तरी कृष्णवर्णीय ग्राहकाला प्रेक्षकांत बसता येत नसे. ज्या समाजातून हे संगीत आले, त्याच समाजाला त्या संगीताच्या सर्वांत प्रसिद्ध रस्त्यावर श्रोता म्हणून स्थान नव्हते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद कायद्यातून दूर झाला.

'डिझायर' मार्गाची ट्रॅम १९४८ पर्यंत बर्बन स्ट्रीटवरून धावत असे. टेनेसी विल्यम्स यांच्या १९४७ मधील 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकामुळे तिचे नाव जगभर पोहोचले.

१९६० च्या दशकात ट्रम्पेटवादक अल हर्ट आणि क्लॅरिनेटवादक पीट फाउंटन यांचे स्वतःचे क्लब या रस्त्यावर होते. याच दशकाच्या आरंभी जिल्हा सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी येथील क्लबांतील गैरप्रकारांविरुद्ध छाप्यांची मोहीम चालवली आणि जुन्या क्लबांच्या व्यवसायाला उतरती कळा लागली.

### मद्यविक्रीच्या पद्धतीतील बदल

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही दुकानदारांनी रस्त्याकडील खिडकीतून मद्य विकण्यास सुरुवात केली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलाने रस्त्याचे स्वरूप पालटले. त्यापूर्वी ग्राहकाला आत बोलावून दोन-तीन तास बसवून ठेवण्यासाठी मालकाला चांगला वाद्यवृंद ठेवावा लागे. खिडकीतून पेला विकता येऊ लागल्यावर ग्राहक आत येण्याची गरजच उरली नाही. त्याने क्षणभर थांबावे एवढे पुरेसे झाले. ग्राहकाचे बसणे संपले आणि फिरणे सुरू झाले. करमणुकीचे केंद्र क्लबच्या आतून रस्त्यावर सरकले. १९७० च्या दशकापासून सायंकाळनंतर रस्त्याचा मोठा भाग वाहनांना बंद ठेवण्याची पद्धत रूढ झाल्याने हा बदल पक्का झाला.

याचा संगीतावर सरळ परिणाम झाला. चालत्या गर्दीला थांबवण्यासाठी संगीत मोठ्या आवाजाचे आणि ऐकताक्षणी ओळखू येणारे असावे लागते. त्यामुळे दारे सताड उघडी ठेवून लोकप्रिय रॉक व पॉप गाणी वाजवणारे वृंद येथे प्रबळ झाले आणि स्वतंत्र रचना किंवा संथ जॅझ मागे पडला. या रस्त्याचा सविस्तर इतिहास भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कॅम्पनेला यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बर्बन स्ट्रीट: अ हिस्टरी' या ग्रंथात मांडला आहे.

### सद्यस्थिती

कॅनॉल स्ट्रीटपासून सेंट अ‍ॅन स्ट्रीटपर्यंतचा भाग सर्वाधिक गजबजलेला असतो. सेंट अ‍ॅनच्या परिसरात समलिंगी समाजाची जुनी मद्यालये आहेत आणि त्यापुढे एस्प्लनेडपर्यंतचा बराचसा भाग आजही शांत व निवासी आहे. संपूर्ण बर्बन स्ट्रीट म्हणजे अखंड गोंगाट, ही समजूत त्यामुळे बरोबर नाही.

जॅझही येथून नाहीसा झालेला नाही. फ्रिट्झेल्स, मेझन बर्बन आणि रॉयल सोनेस्टा हॉटेलातील जॅझ प्लेहाउस या ठिकाणी तो ऐकावयास मिळतो. रस्त्यापासून काही पावलांवर सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉल हे १९६१ मध्ये सुरू झालेले सभागृह आहे. येथे मद्य विकले जात नाही. श्रोते तिकीट काढून साध्या बाकांवर किंवा जमिनीवर बसून पारंपरिक जॅझ ऐकतात. मद्यविक्रीवर अवलंबून न राहता संगीतगृह चालू शकते, याचे हे शहरातील सर्वपरिचित उदाहरण होय.

१ जानेवारी २०२५ रोजी पहाटे एका हल्लेखोराने बर्बन स्ट्रीटवरील नववर्षाच्या गर्दीत मोटार घातली. त्यात १४ जण मृत्युमुखी पडले. वाहनांना अटकाव करणारे जुने खांब बदलण्याचे काम त्या वेळी चालू होते. या घटनेनंतर गर्दीच्या पादचारी रस्त्यांची सुरक्षा हा शहरातील गंभीर चर्चेचा विषय बनला.

## फ्रेंचमेन स्ट्रीट

### स्थान व नाव

फ्रेंचमेन स्ट्रीट एस्प्लनेड अव्हेन्यूच्या नदीकडील टोकाजवळ सुरू होऊन उत्तरेकडे दूरवर जातो. परंतु संगीतगृहे त्याच्या आरंभीच्या दोन-तीन ब्लॉकांतच एकवटलेली आहेत. ज्या वस्तीतून तो जातो, ती फोबर्ग मॅरिनी ही बेर्नार द मॅरिनी या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या मळ्याची जमीन पाडून वसवली. 'फोबर्ग' म्हणजे उपनगर. लहान भूखंडांमुळे येथे सामान्य उत्पन्नाचे लोक, स्थलांतरित आणि गुलामगिरीतून मुक्त असलेले कृष्णवर्णीय नागरिक घरे बांधू शकले.

रस्त्याच्या नावामागे एक रक्तरंजित घटना आहे. लुईझियाना स्पेनच्या ताब्यात गेल्यावर १७६८ मध्ये येथील फ्रेंच रहिवाशांनी स्पॅनिश गव्हर्नरविरुद्ध उठाव केला. पुढील वर्षी आलेल्या अलेहांद्रो ओ'रायली या गव्हर्नरने उठावाच्या पुढाऱ्यांना देहदंड दिला. त्या 'फ्रेंच माणसांच्या' स्मरणार्थ हे नाव ठेवण्यात आले.

### इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वस्तीची बरीच पडझड झाली होती. १९७० च्या दशकात जुन्या घरांच्या जतनाची चळवळ सुरू झाली आणि १९७४ मध्ये फोबर्ग मॅरिनीची नोंद राष्ट्रीय पातळीवरील ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. स्वस्त भाड्यामुळे कलावंत व वादक येथे राहू लागले. १९८० च्या दशकात कॅफे ब्राझील आणि स्नग हार्बर यांसारख्या ठिकाणांमुळे रस्त्याला संगीताचे केंद्र म्हणून ओळख मिळू लागली. राहण्याचे, वाजवण्याचे आणि एकमेकांचे वादन ऐकण्याचे ठिकाण एकच असणे, ही या रस्त्याची मूळ ताकद होती.

पियानोवादक व शिक्षक एलिस मार्सालिस हे सुमारे तीन दशके दर शुक्रवारी स्नग हार्बरमध्ये वाजवीत. विंटन, ब्रॅनफर्ड, डेलफियो व जेसन हे त्यांचे चार पुत्र नामवंत जॅझ वादक आहेत. १ एप्रिल २०२० रोजी कोविड-१९ च्या संसर्गानंतर एलिस मार्सालिस यांचे निधन झाले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी आलेल्या कतरिना चक्रीवादळात बंधारे फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. नदीने साठवलेल्या गाळामुळे उंच झालेल्या काठावर वसलेले फ्रेंच क्वार्टर आणि मॅरिनीचा नदीकडील पट्टा मात्र पुरातून बचावला. बर्बन स्ट्रीट व फ्रेंचमेन स्ट्रीटवरील संगीत तुलनेने लवकर पुन्हा सुरू होण्याचे हे भौगोलिक कारण होय. परंतु वादकांपैकी अनेकांची घरे सखल वस्त्यांत होती. ती वाहून गेली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. व्यासपीठ वाचले आणि वादक बेघर झाले, अशी ही स्थिती होती. हॅरी कॉनिक (ज्युनियर) व ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्या पुढाकाराने 'म्युझिशियन्स व्हिलेज' ही वसाहत उभारण्यात आली, ती याच गरजेतून.

कतरिनानंतर फ्रेंचमेन स्ट्रीटची कीर्ती झपाट्याने वाढली. २०१० ते २०१३ या काळात प्रसारित झालेल्या 'ट्रेमे' या दूरचित्रवाणी मालिकेने येथील संगीतजीवन अमेरिकाभर पोहोचवले.

### सद्यस्थिती

स्नग हार्बर, ब्लू नाइल, द स्पॉटेड कॅट, डी.बी.ए., द मेझन, कॅफे नेग्रिल आणि बँबुलाज ही येथील परिचित ठिकाणे आहेत. पारंपरिक व आधुनिक जॅझ, ब्लूज, फंक, रेगे, ब्रास बँड असे विविध प्रकार एका रात्रीत शंभर-दोनशे पावलांच्या अंतरात ऐकता येतात. बहुतेक ठिकाणी एका संध्याकाळी क्रमाने दोन-तीन वृंद वाजवतात. जागा लहान असल्याने वादक व श्रोता यांच्यात अंतर जवळजवळ नसते. रस्त्याच्या कोपऱ्यावर तरुणांचे ब्रास बँड वाजू लागले की रस्त्यातच नाच सुरू होतो. फ्रेंच क्वार्टरच्या याच बाजूला, एस्प्लनेड अव्हेन्यूवर, जुन्या टांकसाळीच्या इमारतीत न्यू ऑर्लिन्स जॅझ संग्रहालय असून आर्मस्ट्राँगने बालपणी शिकताना वापरलेले कॉर्नेट तेथे जतन केलेले आहे.

## तुलना

| मुद्दा | बर्बन स्ट्रीट | फ्रेंचमेन स्ट्रीट |
|---|---|---|
| वस्ती | फ्रेंच क्वार्टर | फोबर्ग मॅरिनी |
| आखणी | १७२१ | एकोणिसाव्या शतकाचे पहिले दशक |
| नावाचा उगम | बूर्बाँ राजघराणे | देहदंड झालेले फ्रेंच उठावकर्ते |
| करमणुकीचा विस्तार | १३ पैकी सुमारे आठ-नऊ ब्लॉक | दोन-तीन ब्लॉक |
| संगीतकेंद्र म्हणून उदय | दारूबंदीनंतर, विशेषतः १९४० चे दशक | १९८० चे दशक |
| प्रमुख संगीत | लोकप्रिय रॉक-पॉप गाणी. मोजक्या ठिकाणी जॅझ | जॅझ, फंक, ब्लूज, ब्रास बँड |
| ग्राहकाची रीत | पेला हातात घेऊन फिरणे | एका ठिकाणी थांबून ऐकणे. अलीकडे फिरणेही |

### ग्राहक आणि श्रोता

दोन्ही रस्त्यांना लागू असलेले मूलभूत नियम एकच आहेत. मद्यालये बंद करण्याची सक्तीची वेळ शहरात नाही, मद्यपानासाठी किमान वय २१ वर्षे आहे आणि प्लॅस्टिकच्या पेल्यातून मद्य घेऊन रस्त्यावर फिरण्यास मुभा आहे. काचेच्या पेल्यास किंवा बाटलीस नाही. २२ एप्रिल २०१५ पासून मद्यालयांत धूम्रपानास बंदी असल्याने वादकांना धुरात काम करावे लागत नाही.

फरक आहे तो विक्रीच्या वस्तूत. बर्बन स्ट्रीटवर मद्य ही मुख्य वस्तू असून संगीत तिची जाहिरात करते. फ्रेंचमेन स्ट्रीटवर संगीतासाठी माणूस येतो आणि तेथे असताना मद्य घेतो. पहिल्या ठिकाणी वृंद बदलला तरी ग्राहकाला त्याचा पत्ता नसतो. दुसऱ्या ठिकाणी आज कोण वाजवणार आहे हे विचारूनच लोक येतात. तथापि दोन्हीकडे मालकाचे उत्पन्न अखेर मद्यविक्रीतूनच येते. फ्रेंचमेन स्ट्रीटवर गर्दी वाढून लोक एका ठिकाणी न बसता दारादारांतून डोकावत फिरू लागले, तर तेथील मालकांपुढेही बर्बन स्ट्रीटवरील मालकांपुढे उभा राहिला तोच प्रश्न उभा राहतो.

### वादकांचा मोबदला

बर्बन स्ट्रीटवरील वृंद बहुधा ठरलेल्या रकमेवर दीर्घ तास वाजवतात. काम कष्टाचे व एकसुरी असले, तरी रक्कम आधी ठाऊक असते आणि काम वर्षभर मिळू शकते. म्हणूनच अनेक कसलेले वादक तेथे काम करतात. बर्बन स्ट्रीटवर वाजवणारा वादक कमी प्रतीचा, असा निष्कर्ष काढता येत नाही. तोच वादक एका रात्री तेथे आणि दुसऱ्या रात्री फ्रेंचमेन स्ट्रीटवर दिसू शकतो.

फ्रेंचमेन स्ट्रीटवर स्नग हार्बरसारख्या ठिकाणी तिकीट असते. परंतु अनेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो. तेथे वादकाला मद्यविक्रीतील वाटा आणि श्रोत्यांपुढे फिरवल्या जाणाऱ्या बादलीत जमा होणारी बक्षिसी यांवर अवलंबून राहावे लागते. पावसाची रात्र किंवा पर्यटकांचा मंद हंगाम याचा फटका त्याला थेट बसतो. कलास्वातंत्र्य अधिक आणि उत्पन्नाची शाश्वती कमी, असे या रस्त्याचे गणित आहे. प्रवेश विनामूल्य असलेल्या ठिकाणी प्रत्येक सादरीकरणागणिक एखादे पेय विकत घेणे आणि बादलीत पैसे टाकणे हा म्हणूनच केवळ शिष्टाचार नसून वादकाच्या वेतनाचा भाग ठरतो.

बहुतेक वादकांना नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा नसतो. त्यांच्यासाठी १९९८ मध्ये न्यू ऑर्लिन्स म्युझिशियन्स क्लिनिक ही वैद्यकीय सेवा सुरू करण्यात आली. २०२० मध्ये महामारीमुळे संगीतगृहे बंद झाली, तेव्हा या वर्गाची असुरक्षितता ठळकपणे समोर आली.

### रस्त्यावरील वादन व ध्वनीविषयक नियम

शहराच्या नियमानुसार बर्बन स्ट्रीटवर कॅनॉल स्ट्रीट ते सेंट अ‍ॅन स्ट्रीट या भागात रात्री ८ ते सकाळी ६ या वेळेत रस्त्यावरील सादरीकरणास मनाई आहे. क्लबच्या उघड्या दारांतून येणारा ध्वनिवर्धकांचा आवाज चालतो, परंतु कोपऱ्यावर उभे राहून ट्रम्पेट वाजवणे चालत नाही, या विसंगतीवर वादकांचा आक्षेप राहिला आहे. २०१० मध्ये कॅनॉल व बर्बन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वाजवणाऱ्या 'टू बी कंटिन्यूड' या तरुणांच्या ब्रास बँडला पोलिसांनी थांबवले, तेव्हा हा वाद शहरभर गाजला. जानेवारी २०१४ मध्ये ध्वनीविषयक नियम कडक करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध वादकांनी वाद्यांसह नगरभवनात जाऊन निदर्शने केली.

फ्रेंचमेन स्ट्रीटवर रस्त्यावरील ब्रास बँडना तुलनेने अधिक वाव मिळत आला आहे; पण तेथेही हितसंबंधांचा मेळ सहज बसत नाही. बाहेरच्या पितळी वाद्यांपुढे आतील पियानो ऐकू येत नाही, ही क्लबमालकांची व आत वाजवणाऱ्यांची तक्रार असते. रात्री झोपता येत नाही, हे रहिवाशांचे म्हणणे असते. रस्ता हीच आमची शाळा आहे, असे तरुण वादक सांगतात. शाळांतील बँडपथके, ट्रेमेसारख्या वस्त्यांतील मिरवणुका आणि रस्त्याचा कोपरा या क्रमानेच येथील वादकांच्या पिढ्या घडल्या असल्याने या तिसऱ्या म्हणण्यालाही वजन आहे.

### भाडे, निवास आणि पर्यटन

फ्रेंच क्वार्टरच्या जतनासाठी १९३० च्या दशकात व्ह्यू कारे कमिशन स्थापन झाले. त्यामुळे बर्बन स्ट्रीटवरील इमारती वाचल्या. इमारतींच्या आत चालणाऱ्या व्यवसायांचे जतन मात्र अशा नियमांच्या कक्षेत येत नाही. नक्षीदार सज्जे तसेच राहिले आणि त्यांखालील दुकाने बदलली. हा अनुभव जमेस धरून फ्रेंचमेन स्ट्रीटच्या संगीतगृहांच्या पट्ट्यासाठी चालू शतकाच्या पहिल्या दशकात 'कला व संस्कृती' असा विशेष नियोजन विभाग ठरवण्यात आला. प्रत्यक्ष संगीत सादर करणाऱ्या लहान ठिकाणांना वाव द्यावा आणि निव्वळ मद्यालयांच्या वाढीला मर्यादा असावी, हा त्यामागील हेतू होता.

या विभागाने रस्त्याचे रूप काही अंशी टिकवले. परंतु भोवतालच्या घरांच्या किमतींवर त्याचे नियंत्रण नव्हते. रस्ता प्रसिद्ध झाला तशी मॅरिनीतील घरे पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने देणे मालकांना अधिक किफायतशीर वाटू लागले. शहराने २०१६ मध्ये अशा भाडेव्यवहाराला नियमांच्या चौकटीत मान्यता दिली आणि २०१९ मध्ये निर्बंध कडक केले. घरमालकाने स्वतः तेथे राहिले पाहिजे ही त्यांतील अट २०२२ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने रद्द ठरवली. ज्या स्वस्त घरांमुळे वादक या वस्तीत आले, ती घरे आता त्यांच्या आवाक्यात राहिलेली नाहीत. वाद्य घेऊन पायी येणारा वादक आज बहुधा दूरच्या वस्तीतून मोटारीने येतो आणि वाहनतळाचे पैसे त्याच रात्रीच्या मिळकतीतून भरतो.

बर्बन स्ट्रीटला या अवस्थेतून जाण्यास अनेक दशके लागली. फ्रेंचमेन स्ट्रीटवरील बदल तुलनेने अल्प काळात घडत आहे. संगीत ऐकण्यासाठी लोक आले, लोकांसाठी मद्य आले, मद्यासाठी अधिक लोक आले, असा हा क्रम आहे. तो पूर्णत्वास जाईल की नियम, मालक आणि श्रोते मिळून त्याला आवर घालतील, यावर या रस्त्याचे पुढील स्वरूप अवलंबून आहे.

## उत्सवकाळ

मार्डी ग्रा या वसंतारंभीच्या उत्सवात दोन्ही रस्त्यांचा स्वभाव स्पष्टपणे वेगळा दिसतो. मोठ्या चित्ररथांच्या मिरवणुका अरुंद रस्त्यांमुळे १९७० च्या दशकापासून फ्रेंच क्वार्टरमधून जात नाहीत. तरीही बर्बन स्ट्रीटवर सज्जांतून रंगीत मण्यांच्या माळा फेकण्यासाठी व झेलण्यासाठी प्रचंड गर्दी होते. फ्रेंचमेन स्ट्रीटवर उत्सवाच्या मुख्य दिवशी स्वतः शिवलेली वेशभूषा करून रहिवासी जमतात आणि पायी मिरवणुका निघतात.

## मराठी व भारतीय संदर्भ

न्यू ऑर्लिन्समध्ये घडलेल्या संगीताचा मुंबईशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संबंध आला. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचे जॅझ वृंद वाजवीत. वेदरफर्ड हे तरुणपणी न्यू ऑर्लिन्समध्येच जॅझ पियानो शिकले होते. या वादकांच्या सहवासात अनेक गोमंतकीय वादक जॅझकडे वळले. हळदोणे येथील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि 'अलबेला' (१९५१) सारख्या चित्रपटाच्या संगीतात या वळणाच्या वाद्यमेळाचा प्रभाव ऐकू येतो.

बर्बन स्ट्रीटवरून धावलेल्या ट्रॅमच्या नावाचे टेनेसी विल्यम्स यांचे नाटक विजय तेंडुलकर यांनी 'वासनाचक्र' या नावाने मराठीत आणले.